कुकडीच्या घळीतलं उष्टं

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, चिंचेखाली उभा असलेला माणूस, उलटे पाय... वाचून झालं की बायको विचारते, "सापडली का चूक?" आणि मी दोन-तीन दाखवतो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. वारा कुठून येतो, दगड कशाने झिजतो, हे सांगण्यात आयुष्य गेलं, आणि वर्गात कुणी भूत-करणीचं नाव काढलं तर त्याला बाकावर उभं केलं. तेव्हा पुढचं मी हौसेने लिहितोय असं समजू नका. या प्रकाराची मला भीती अशी कधी वाटलीच नाही. मला शिसारी येते. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन बसलो आहे.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगतो, कारण त्याचा पुढे संबंध आहे. मला उष्टं चालत नाही. लहानपणापासून नाही. आईने फुंकर मारून गार केलेलं दूधसुद्धा मी मोरीत ओतायचो. घरात माझा पेला वेगळा, प्रवासात फिरकीचा तांब्या माझा माझा. लोक हसायचे, हसू देत. आणि अशा माणसाच्या नशिबी मेहुणे कोण यावेत, तर दाजी.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे यजमान. नगरला दिल्ली गेटजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गोरे, गुटगुटीत, खाण्याचे दर्दी, माणूस लाख मोलाचा... पण जीभ तोंडात राहायची नाही. पोस्टाचं तिकीट चाटायचे, पाकीट चाटायचे, वर्तमानपत्राचं पान उलटायला बोट चाटायचे. पूर्वी अल्बममध्ये फोटो बसवायला काळे कागदी कोपरे असायचे, मागे डिंक लावलेले. लोकांच्या लग्नाचा अख्खा अल्बम दाजी जिभेवर चिकटवायचे. माझ्या लग्नाचाही त्यांनीच करून दिला. तो मी आजवर कपाटातून काढलेला नाही.

मला स्वतःला फोटोचा नाद होता. जुना, दोन भिंगांचा कॅमेरा घेतला होता आणि काळे-पांढरे फोटो काढायचो. माझं मत एकच — जो उजेड पडलाय त्यात काढा. ऊन यायची वाट बघा, नाही आलं तर घरी जा. दाजींना हे पटायचं नाही. त्यांच्याकडे नाटकाच्या लाइटवाल्याकडून मिळवलेले जिलेटीनचे रंगीत कागद होते, लाल, नारिंगी, जांभळे. कापून लेन्ससमोर लावायचे, की नवरीमागचा पडदा पेटल्यासारखा दिसायचा.

"मास्तर," ते म्हणायचे, "तुमचे फोटो म्हणजे बिनमिठाची आमटी."

"आणि तुमचे म्हणजे जत्रेतलं सरबत," मी म्हणायचो.

आता ते जिलेटीन चिकटवायची त्यांची पद्धत. लेन्सच्या पुढे उन्हासाठी एक पत्र्याची कड असते, तिच्यावर कागद बसवायचा. खऱ्या जिलेटीनला ओल लागली की ते चिकट होतं. म्हणून दाजी कागदाची किनार मागच्या बाजूने जिभेवरून फिरवायचे आणि कडेवर दाबायचे. मी एकदा सांगितलं, "दाजी, हाडं-कातडी उकळून करतात ते."

"तरीच चव आहे," ते म्हणाले.

तर, त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. दुष्काळाचा. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी मी डोळे मिटून गिळायचो. अशा दिवसांत नगरच्या एका छापखानेवाल्याने दाजींना सांगितलं, पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरला जिल्ह्यातला एक झकास रंगीत देखावा द्या. दाजींना आयुष्यात पहिल्यांदा लग्न-मुंज सोडून काहीतरी काढायला मिळत होतं. रंगीत रोल तेव्हा सहज मिळत नसे. त्यांनी कुठून तरी एक पैदा केला आणि माझ्याकडे आले, "भूगोलवाले, जागा सांगा."

मी निघोज सांगितलं. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीने खडक कोरून काढलाय. मोठमोठे रांजणखळगे आहेत, आणि मध्ये मध्ये पात्र इतकं अरुंद होतं की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. एरवी त्यात पाणी असतं. त्या वर्षी नदी कोरडी होती, थेट तळाशी उतरता येत होतं. वरून उन्हाची एक पट्टी, भरदुपारी, तीही थोडा वेळ. ती उतरत आली की काळा दगड आतून उजळल्यासारखा वाटतो. मला तो तसाच काढायचा होता. दाजींना तो लाल करायचा होता.

सकाळच्या एसटीने गेलो. नदीकाठी दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं होती. त्यांतल्या काही बाया घळीत उतरून एका खळग्यातला झिरा वाटी-वाटीने हंड्यात भरत होत्या. घळीच्या सगळ्यात अरुंद तोंडाशी, दगडाच्या कपारीत, एक अख्खी भाकरी ठेवलेली दिसली. त्या उपासमारीत. मी विचारलं तेव्हा त्यांतली एक वयस्कर बाई, सखूबाई नाव, म्हणाली, "ती हिथली हाय. आदी हिथली ठिवायची, मंग आपुन खायाचं. घास मोडल्याबिगर ठिवायची."

"कुणासाठी?"

"हिथल्यासाठी," ती म्हणाली आणि वाटी भरू लागली.

मी मनात म्हटलं, कुत्रं नेत असेल. दाजींनी तोवर तिपाई मांडली होती, कॅमेऱ्याचं तोंड बरोबर त्या कपारीकडे. लाल कागद काढला, किनार जिभेवरून फिरवली आणि चिकटवला. सखूबाईने ते पाहिलं. "पावनं, त्ये थुकलेलं तकडं म्होरं नगा करू. हिथं उष्टं न्हाई चालत," एवढं साध्या आवाजात म्हणाली, हंडा डोक्यावर घेतला आणि वर गेली. दाजी हसले. मीही हसलो, आणि मनातून मला ती बाई आवडली, कारण उष्टं न चालणारं माझ्यासारखं कुणीतरी निघालं होतं.

पट्टी उतरायला लागली. मी दाजींच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होतो, माझ्या कॅमेऱ्यात ते आणि घळ दोन्ही घेत होतो. दाजींचा कॅमेरा नव्या पद्धतीचा, लेन्समधून येईल तेच डोळ्याला दिसणारा. त्यांनी दोन-तीन फोटो घेतले आणि म्हणाले, "मास्तर, धुकं आलंय का हो?"

त्या उन्हात धुकं... मी म्हटलं, "घाम आलाय तुमच्या डोळ्याला."

त्यांनी डोळा पुसला, पुन्हा लावला. "नाही. काहीतरी सरकतंय."

मी वाकून लेन्सकडे पाहिलं. माझ्या साध्या डोळ्यांनी, भर उन्हात, हातभर अंतरावरून पाहिलं. कॅमेऱ्यासमोर काही नव्हतं. आणि तो लाल कागद खालच्या बाजूने आत दबला. दाब दिल्यासारखा. मग ती दाबलेली जागा हळूहळू वर सरकली आणि जिथून सरकली तिथे कागद ओला झाला. वरच्या कडेपर्यंत गेली, कागद परत फुगून सपाट झाला. मग पुन्हा खालपासून.

मी काय पाहतोय हे मला तत्काळ कळलं. त्याला दुसरा शब्दच नाही. कागद समोरून कुणीतरी चाटत होतं.

आणि वास. गाईचं वासरू जवळ घेतलं की त्याच्या तोंडाला येतो तसा, पण शिळा, आंबट, कितीतरी दिवस तोंड न धुतल्यासारखा. "दाजी, काढा तो," मी ओरडलो.

दाजींनी कागद उपटून काढला. त्याची पुढची बाजू बुळबुळीत झाली होती आणि जिलेटीन फुगून तिच्यावर बारीक खरखरीत उठाव आला होता, गुरांच्या जिभेवर असतो तसा. दाजी तो उजेडाकडे धरून बघत राहिले. "किनार सुटली वाटतं," असं पुटपुटले... आणि हात आपोआप वर गेला. जन्माची सवय. मी "अहो" म्हणेपर्यंत त्यांनी तोच कागद जिभेवरून फिरवला होता.

ते थांबले. चेहरा पांढराफटक. कागद हातातून पडला.

"मास्तर," ते म्हणाले, "हे माझं नाही."

मी भिंतीशी जाऊन ओकलो. मागे कॅमेऱ्याचं बटण दाबल्याचा एक आवाज आला, तिपाई गोळा करताना चुकून दाबलं गेलं असावं. कपारीकडे परत बघायचं धाडस मला झालं नाही, त्यामुळे भाकरीचं काय झालं ते मला माहीत नाही. कागद तिथेच टाकून आम्ही वर आलो.

निघोजच्या स्टँडवर दाजींनी भजी घेतली. कढईतून झाऱ्याने काढून थेट कागदावर, वाफा निघत होत्या. पहिलं भजं तोंडात घातलं आणि थुंकले. दुसरं घातलं, थुंकले. मग भजीवाल्यावर चिडले, "उष्टी देतोस का रे लोकांना?"

तो बिचारा कढईकडे बघायला लागला. "सायेब, आत्ता तेलातनं काढली की. उष्टी कशी हुत्याल?"

"कुणीतरी तोंडात घालून परत ठेवलंय हे," दाजी म्हणाले. तोपर्यंत आवाज चढलेला होता, पण हे वाक्य ते हळू बोलले.

तिथून सुरू झालं. घरी वरण-भात, उष्टा. भाकरी तव्यावरून ताटात, उष्टी. केळं स्वतः सोललं, तेही आतून उष्टं. पाणी तेवढं पिता यायचं, तेही नाक दाबून. खाण्यावर जीव टाकणारा तो माणूस ताटावर बसायचा, घास उचलायचा, तोंडात घालायचा आणि डोळ्यांत पाणी येऊन मोरीकडे धावायचा. सिव्हिलच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट पाहिलं, औषधं दिली, शेवटी मनाचं आहे म्हणाले. मलाही तेच म्हणायला आवडलं असतं. महिनाभरात दाजींचा सदरा त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. कुसुमला तेव्हा दिवस गेलेले होते. ती माझ्याकडे येऊन रडली नाही, फक्त म्हणाली, "दादा, हे जातील रे असेच."

मी दोन गोष्टी केल्या. माझा रोल दाजींच्याच डार्करूममध्ये धुतला. सगळे फोटो लख्ख. दाजी कॅमेऱ्यावर वाकलेले, लेन्ससमोर लाल कागद, त्याच्यासमोर रिकामी हवा. साध्या उजेडात तिथे काही म्हणजे काही नव्हतं. मग मुंबईला धुवायला पाठवलेला रंगीत रोल परत आला. लाल कागदातून काढलेल्या प्रत्येक फोटोवर खालून वर गेलेला एक रुंद, चिकट फराटा. शेवटचा एक, कागद काढल्यावर चुकून निघालेला, स्वच्छ... काळा दगड आणि उन्हाची पट्टी. कॅलेंडरवर तोच छापला गेला. आमच्या वादात मी जिंकलो होतो आणि ते बोलून दाखवावं असं मला एकदाही वाटलं नाही.

दुसरी गोष्ट, मी एकटा निघोजला गेलो. सखूबाई खडीवरच भेटली. सगळं सांगितलं आणि विचारलं, यावर उपाय काय.

तिने घण खाली ठेवला. "मास्तर, मला काय ठावं? आमी कदी उष्टं ठिवलंच न्हाई. मंग ठिवल्यावर काय हुतं, त्ये कुनाला कळावं?"

मला तिचा राग आला, पण तिचं म्हणणं बिनचूक होतं.

उपाय काढला तो कुसुमने, आणि तिला कुणी सांगितला नव्हता. मी त्या दिवशी तिथेच होतो. दाजींची आईही होती. त्या घरी तोवर रीत अशी, की दाजी जेवून उठले की त्यांच्याच ताटात कुसुम जेवायची. मला ते बघवायचं नाही. त्या दिवशी दाजी ताटावरून उठायला लागले तशी कुसुम ताट ओढून त्यांच्यासमोर बसली. भाकरी मोडली, स्वतःच्या तोंडात घातली, दातांनी अर्धी तोडली आणि उरलेली त्यांच्यापुढे धरली.

"हे माझं उष्टं आहे," ती म्हणाली. "आता खा."

सासूबाई "अगं, नवऱ्याला उष्टं" म्हणत पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मीसुद्धा मान वळवली. दाजींनी तो तुकडा तोंडात घातला. चावला. थांबले, पुन्हा चावला. "तुझंच आहे," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडत अख्खी भाकरी खाल्ली. प्रत्येक घास आधी तिचा.

त्या दिवसापासून आयुष्यभर कुसुमने दाजींचा प्रत्येक घास आधी खाल्ला. लग्नकार्यात पंगतीत दोघं शेजारी बसायची, लोक चेष्टा करायचे, म्हातारपणी कौतुक करायचे, काय प्रेम आहे म्हणायचे. मुलं झाली, सुना आल्या, कुणाला कारण कळलं नाही. दाजींनी लाल कागद जाळले आणि पुन्हा कधी काही चाटलं नाही. मी कुसुमला फक्त एकदाच विचारलं, "तुला काही लागतं का गं, पहिल्या घासाला?"

ती भाजी निवडत होती. "तू नको विचारूस, दादा," ती म्हणाली. "तुला जेवण जायचं नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. इतक्या वर्षांत मी स्वतःची समजूत घातली होती. कागदाला घळीतली दमट हवा लागली असेल, जिलेटीन फुगतंच. दाजींच्या मनाने घेतलं, कुसुमने युक्तीने काढलं. फक्त तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आत दबला होता, त्याचं काय करायचं ते सुचायचं नाही. आजही सुचत नाही. भूगोलाच्या कुठल्याच धड्यात ते बसत नाही.

गेल्या थंडीत कुसुम गेली. झोपेतच. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि दाजींनी जेवण सोडलं. मुलांना वाटलं दुःखाने. डॉक्टर नळी घालायचं बोलायला लागले. मला एकट्यालाच माहीत होतं. मी त्यांना माझ्या घरी सावेडीला घेऊन आलो.

पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर ताट ठेवून बसलो. बायकोने ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट आणून टाकली, टम्म फुगलेली. दाजी ताटाकडे न बघता म्हणाले, "राहू द्या, मास्तर. तुम्हाला नाही जमायचं हे."

मला शिसारी आलीच होती. ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या ताटात तोंड घालायचं, आणि तेही मी, ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या पेल्याला हात लावला नाही. तरी भाकरीचा पापुद्रा फोडला. आतून चटका देणारी वाफ आली. मधला तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

तो गरम होता, आणि ओला होता. तोंडातून काढून ठेवलेला घास असतो तसा बुळबुळीत. आणि तोच वास, वासराच्या तोंडाचा, शिळा.

मी तो थुंकला नाही. थुंकला असता तर दाजींना कळलं असतं. चावला, गिळला, पुढचा तुकडा दातांनी तोडून उरलेला त्यांच्या ताटात ठेवला आणि म्हणालो, "माझं उष्टं आहे. खा."

त्यांनी खाल्लं. अख्खी भाकरी.

आता दोन्ही वेळा मीच बसतो. कुसुम हे अन्न रोज खात आली आणि तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे मला प्रत्येक घासाला आठवतं. मला तिच्यासारखं जमत नाही, म्हणून तांब्या शेजारी लागतो. आतून बायकोची हाक आली आहे, ताटं वाढली आहेत.